निळ्या झाकणाचा डबा

"जगात माणसं दोनच प्रकारची," आप्पा म्हणाले. "पाव करणारी आणि पावात काहीतरी घालणारी. पहिल्यांनी संस्कृती घडवली. दुसऱ्यांनी तिच्यावर मोहरीचा सॉस सांडला."

"आजोबा, वायरवरचा पाय काढा," माइकवाला म्हणाला.

आप्पांनी पाय काढला. त्याबरोबर मघापासून मुका असलेला कर्णा 'हॅलो, हॅलो, एक, दोन' असं खेकसला आणि संस्कृतीचा विषय तिथेच राहिला.

स्पर्धा हॉट डॉगचं दुकान काढू पाहणाऱ्यांची होती आणि भरली होती क्रीडा सभागृहात. जमिनीवर बॅडमिंटनच्या रेघा, रेघांमध्ये बारा टेबलं, प्रत्येक टेबलावर तवा, चिमटा, विजेची दोन बटणं आणि एक कुंडी. कुंडीचं प्रयोजन शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. नऊ नंबरचं टेबल आप्पांच्या घराचं. पहिलं बक्षीस म्हणजे बसस्थानकासमोरचं एक दुकान, भिंतींना रंग दिलेलं, तवा आणि धुराडं बसवलेलं, वर्षभर बिनभाड्याचं. आप्पांची धाकटी मुलगी ते आतून एकदाच पाहून आली होती आणि घरी येऊन एवढंच म्हणाली होती, "त्याला रस्त्याकडे उघडणारी खिडकी आहे." घरच्या बेकरीत ती अकरा वर्षं काउंटरला उभी होती. काउंटरसमोर काचेचं कपाट होतं आणि कपाटात पाव. अकरा वर्षं ती पावाकडे बघत होती आणि पाव तिच्याकडे.

मार्चमध्ये एकदा जेवताना तिने 'मला दुकान काढायचंय' असं सांगितल्यापासून घरात तट पडले होते. थोरला भाऊ विरोधात, आत्या बाजूने, आप्पा पावाच्या बाजूने, आणि वहिनी त्या क्षणी ज्याच्या ताटात वाढत असेल त्याच्या बाजूने. तरी आज सगळे आले होते. भांडणं असली तरी ओझं उचलायला सगळ्यांनी यायचं, एवढी माणुसकी घरात होती.

धाकटीने एप्रन बांधला. फुगलेल्या पिठाचे लांबट गोळे ओल्या फडक्याखाली ठीक आहेत ना ते पाहिलं. छोटा ओव्हन सुरू केला. कर्ण्यातून 'नव्वद मिनिटं सुरू' अशी घोषणा झाली.

"सॉसेज द्या," ती म्हणाली.

"कसले?" आत्याने विचारलं.

"आत्या, स्पर्धा हॉट डॉगची आहे."

"ते कळतं मला. कसले म्हणजे कशातले?"

"डब्यातले. निळ्या झाकणाचा डबा. दारापाशी मैद्याच्या पिंपावर ठेवला होता."

यावर जी शांतता पसरली तिला चार पिढ्यांची परंपरा होती.

पणजोबांनी बेकरी काढली तेव्हा घरात एक नियम घातला होता: जो बोलेल तो करेल. नळ गळतोय असं ज्याने म्हटलं त्याने नळ दुरुस्त करायचा. छताला ओल आली असं ज्याने दाखवलं त्याने शिडी आणायची. हेतू असा की उगाच कुणी कुरकुरू नये. कुरकुर थांबली. दुरुस्त्याही थांबल्या. मागचा नळ नऊ वर्षं गळत होता आणि त्याच्याखाली बादली सरकवताना घरातला प्रत्येक जण दुसरीकडे बघायचा. अळीमिळी गुपचिळी, जो बोलेल त्याच्या गळ्यात घोंगडं.

तर डबा सकाळी पिंपावर होता. आत्याने तो बूट घालताना पाहिला होता, पण त्या वेळी तिचा गुडघा दुखत होता. आप्पांनी पाहिला होता, पण सॉसेज ही गोष्ट मुळात पाहण्यासारखी आहे हेच त्यांना मान्य नव्हतं. वहिनीने पाहिला होता. आणि थोरल्याने तर दोनदा पाहिला होता, एकदा गाडीत ओव्हन चढवताना आणि एकदा मुद्दाम.

"म्हणजे कुणीच आणला नाही," धाकटी म्हणाली.

"आता तू बोललीस," आप्पा म्हणाले. "नियमाने तूच जायला हवंस."

"मी टेबल सोडलं तर आपण बाद. फॉर्मवर लिहिलंय."

"दोन्हींतला जुना नियम कुठला?"

"आप्पा, तू गप्प बस," आत्या म्हणाली. आप्पांना अरेतुरे करणारी पृथ्वीवर ती एकटीच उरली होती आणि तो हक्क ती रोज बजावायची. "कोपऱ्यावरच्या दुकानातून विकत आणू ना."

"चालत नाही. जो माल फॉर्मवर लिहिलाय तोच हवा. आपल्या गल्लीतल्या खाटकाकडचे, धुरावलेले, बारा नग."

शेजारच्या आठ नंबरच्या टेबलावरून एक दंतवैद्य वाकला. वीस वर्षं लोकांच्या तोंडात डोकावून तो कंटाळला होता आणि आता त्या तोंडात काहीतरी घालावं असं त्याच्या मनाने घेतलं होतं. "आमच्याकडे चोवीस आहेत," तो कुजबुजला. "चार घ्या. कुणाला दिसायचं नाही."

"डॉक्टर, दोन्ही टेबलं बाद होतील."

"बाद झालो तर बायको तुमचे आभार मानेल," दंतवैद्य म्हणाला. त्याच्यामागे कांदा चिरणाऱ्या बाईंनी मान हलवून दुजोरा दिला.

"मी जातो," थोरला म्हणाला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. या घरात हे शब्द यापूर्वी फक्त कुणी रुसून निघताना ऐकू आले होते.

"मी पण जाते बरोबर," वहिनी म्हणाली. "हा एकटा गेला तर..." पुढचं तिने गिळलं.

धाकटी भावाकडे बघत राहिली. मार्चपासून ती दोघं कामापुरतंच बोलत होती. "जायला पस्तीस मिनिटं लागतात, यायला पस्तीस," ती म्हणाली. "दादा, वाटेत चहाला थांबू नकोस."

---

"डावीकडे," वहिनी म्हणाली.

"डावीकडे नदी आहे."

"नदीवर पूल आहे ना."

"पूल उजवीकडे आहे."

वहिनी शाळेत भूगोल शिकवायची. जगातल्या मोठ्या नद्यांची लांबी तिला तोंडपाठ होती. फक्त गावातली नदी कुठल्या अंगाला आहे, यावर तिचं आणि नदीचं कधी एकमत झालं नाही.

पाव पोचवायची गाडी ती. मागे रिकामे ट्रे खडखडत होते. थोरला दोन्ही हातांनी चाक धरून बसला होता. घाई असलेला माणूस चालवतो तशीच तो गाडी चालवत होता, पण पुलाच्या अलीकडे सिग्नल लाल झाला तेव्हा त्याच्या तोंडून एक सुस्कारा निघाला. तो वहिनीने ऐकला. तो वैतागाचा वाटत नव्हता.

"एक विचारू?"

"सिग्नल सुटू दे."

सिग्नल सुटला.

"तू डबा पाहिला होतास ना?"

"कुठला डबा?"

"अरे, एकोणीस वर्षं संसार केलाय तुझ्याशी. 'कुठला' हे तू फक्त माहीत असलेल्या गोष्टींबद्दल विचारतोस."

थोरल्याने पूल ओलांडून गिअर बदलला. मग म्हणाला, "पाहिला. दोनदा."

"नियमामुळे गप्प बसलास?"

"पहिल्यांदा."

"आणि दुसऱ्यांदा?"

"दुसऱ्यांदा..." समोर एक सायकलवाला आला. त्याचा थोरल्याला मोठाच आधार वाटला. तो जाईपर्यंत त्याने वाक्य लांबवलं. "दुसऱ्यांदा वाटलं, राहिला तर राहिला. ती बाद होईल, दोन दिवस रडेल, सोमवारी सकाळी नेहमीसारखी काउंटरला उभी राहील. मी भट्टीवर असेन, ती पुढे असेल. सगळं आहे तसं."

वहिनीने खिडकीची काच खाली केली आणि परत वर घेतली.

"मी पण पाहिला होता," ती म्हणाली. "पण माझ्या हातांत ट्रे होते."

"दोन्ही हातांत?"

"एका हातात. दुसऱ्यात पर्स होती." तिने पर्स मांडीवर सरळ केली. "ती गेली की काउंटरला कोण? आप्पा मला सांगणार, शाळा सोड. तुला तोंड नाही, तू नाही म्हणणार नाहीस. मग मी त्या कपाटासमोर उभी राहायची. मला नाही रे जमायचं. मला सातवीचा वर्ग आवडतो."

"म्हणजे आपण दोघंही वाईट माणसं."

"छे. वाईट माणसं आधी ठरवतात. आपलं काही ठरलेलं नव्हतं. झालं तर बरं, इतकंच."

"ते जास्त वाईट वाटतं मला."

"मलाही," वहिनी म्हणाली. "आता डावीकडे."

या वेळी डावीकडे बेकरी होती. तेही ती समोर दिसत असल्यामुळे.

बेकरीवर 'आज बंद' अशी पाटी होती आणि पाटीखाली गल्लीतला शिंपी उभा होता. पाटी वाचून झाल्यावरही तो थांबला होता, कारण पाटी ही दुसऱ्या गिऱ्हाइकांसाठी असते अशी त्याची समजूत होती.

"ताई?" त्याने विचारलं.

"ताई नाहीये. मी आहे ना," थोरला कुलूप काढत म्हणाला. "काय हवंय? पटकन सांगा."

"नेहमीचं."

"नेहमीचं म्हणजे?"

शिंप्याने त्याच्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "ते ताईला माहीत असतं."

"अहो, पण तुम्हाला माहीत असेल ना. तुम्हीच खाता."

"मी कशाला लक्षात ठेवू? ती ठेवते," शिंपी म्हणाला. "असू दे. सोमवारी येतो. ती आहे ना सोमवारी?"

उत्तराची वाट न बघता तो निघून गेला. थोरला दारात उभा राहिला. मैद्याच्या पिंपावर निळ्या झाकणाचा डबा सकाळी होता तसाच होता. त्याच्या पलीकडे काउंटर, काउंटरपुढे कपाट. अकरा वर्षं हा माणूस पहाटेपासून भट्टीपुढे राबत होता आणि आपण बेकरी चालवतो अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. आपल्या बेकरीत कोण काय खातं हे आपल्याला माहीत नाही, हे त्याला आज कळलं.

"उचल," वहिनी म्हणाली.

"तिला दुकान मिळालं तर हा शिंपी रोज येणार."

"हो."

"आणि मी रोज विचारणार, नेहमीचं म्हणजे काय."

"हो. आणि तो रोज चिडणार. महिन्याभरात तुला कळेल, नाहीतर तो उपाशी मरेल. काहीतरी निकाल लागेलच. उचल आता."

थोरल्याने डबा उचलला. बाराच सॉसेज होते, पण त्याला तो बराच जड लागला.

---

इकडे पन्नास मिनिटं झाली होती आणि धाकटीचे पाव ओव्हनबाहेर आले होते. रंगाने मधासारखे, वरून तुकतुकीत, आणि आतून रिकामे. बाकी अकरा तव्यांवर सॉसेज चरचरत होते. नऊ नंबरच्या तव्यावर नुसता कांदा परतून ठेवला होता.

"अडवून ठेव परीक्षकांना," आत्या म्हणाली. "मी चक्कर येऊन पडते हवं तर. माझ्या घटस्फोटाच्या वेळी पडले होते, चांगला उपयोग झाला."

"पडू नकोस. मग डॉक्टर धावेल आणि तो दातांचा आहे." धाकटीने हात पुसले. घाबरली की ती हात पुसायची, कोरडे असले तरी. तिला ते दुकान हवं होतं. किती हवं होतं हे तिने घरात कुणाला सांगितलं नव्हतं, कारण हवं आहे असं बोलणं हेही या घरात बोलणंच होतं. हातातून जाणार असेल, तर निदान टेबलामागे गुपचूप उभी राहून ती ते घालवणार नव्हती. "आप्पा, जरा पुढच्या बाजूला या."

"मी?"

"टेबलासमोर उभे राहा. रेघेवर."

"कशाला?"

"रांगेत."

आप्पांनी मागे पाहिलं, पुढे पाहिलं. "रांग कुठाय?"

"तुम्हीच. रिकाम्या टेबलापुढे एक माणूस शांतपणे उभा राहिला की दुसरा येतो. घाई नाही करायची. वाट बघण्यासारखं काहीतरी आहे, असा चेहरा ठेवायचा."

"मी सॉसेजसाठी रांगेत उभा राहू? मी?" आप्पांच्या आवाजात चार पिढ्या थरथरल्या. "अगं, मी पाव करणाऱ्यांतला."

"आप्पा," धाकटी म्हणाली, "अकरा वर्षांत मी तुमच्याकडे काही मागितलं?"

आप्पांनी आठवून पाहिलं. आठवलं नाही, आणि त्यांना ते बरं वाटलं नाही. ते बॅडमिंटनच्या रेघेवर जाऊन उभे राहिले, हात मागे बांधून, आगबोटीची वाट बघणाऱ्या माणसासारखे.

दोन मिनिटांनी त्यांच्यामागे एक टकलू गृहस्थ येऊन उभा राहिला.

"कशाची रांग?"

"सॉसेजची," आप्पा म्हणाले. तोंडात कडू गोळी घोळावी तसा त्यांनी तो शब्द उच्चारला.

"मिळतायत का?"

"अजून आलेले नाहीत."

"अच्छा," गृहस्थ म्हणाला आणि पाय रोवून उभा राहिला. "म्हणजे ताजे असणार."

त्याच्यामागे त्याची बायको आली, तिच्यामागे दोन नर्सबाई, मग टपाल कचेरीतला एक माणूस. आत्याने जादा फॉर्म फाडून त्यांच्यावर आकडे लिहिले आणि एकेक चिठ्ठी हातात देऊ लागली. चिठ्ठी हातात पडली की माणूस बांधला जातो. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. धाकटी टेबलामागून एकेकाशी बोलत होती. "तुम्हाला कडक कडेचा आवडेल, हो ना? चेहऱ्यावरून कळतं." "ताई, तुम्ही कांदा कमी, पण सॉस जास्त." "काका, तुम्ही अर्धाच घ्याल आणि मग दुसरा अर्धा मागाल." ज्याला त्याला वाटत होतं की आपल्याला बरोबर ओळखलं. कुणाला चुकीचं ओळखलं असेल तर तोही नाही म्हणत नव्हता. इतक्या लोकांत आपल्यालाच काय आवडतं ते माहीत नाही, असं कोण कबूल करेल?

सत्तराव्या मिनिटाला रांग सहा नंबरच्या टेबलापर्यंत गेली. तिथल्या माणसाने आपले हॉट डॉग पुढे केले तर रांगेतले लोक म्हणाले, "नको, आम्ही रांगेत आहोत."

परीक्षक तीन होते: स्पर्धा भरवणाऱ्या संघटनेचे अध्यक्ष, वर्तमानपत्रात खाण्यावर लिहिणारे एक गृहस्थ आणि तीस वर्षं खानावळ चालवलेल्या एक बाई. तिघं नऊ नंबरपाशी आले.

"सॉसेज कुठे आहेत?" अध्यक्षांनी विचारलं.

"येतायत," धाकटी म्हणाली.

"येतायत म्हणजे?"

"नदीच्या या बाजूला पोचले असतील."

लेखकमहाशयांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि खाली रेघ मारली. खानावळवाल्या बाईंनी मात्र रांगेकडे पाहिलं. मग तव्याकडे पाहिलं, ज्याच्यावर काहीच नव्हतं. मग पुन्हा रांगेकडे. "तीस वर्षं," त्या म्हणाल्या, "माझाही माल नदीच्या या बाजूला पोचतोच आहे." आणि आत्यापुढे हात केला. आत्याने त्यांना चिठ्ठी दिली. चौतीस नंबर.

---

परतताना नदी आपोआप दुसऱ्या अंगाला आल्यामुळे वहिनीचं प्रत्येक वळण बरोबर निघालं. थोरल्याने गाडी फाटकातच सोडली आणि डबा छातीशी धरून धावत सुटला. नऊ मिनिटं उरली होती.

सभागृहाच्या दारात त्याला एका नर्सबाईंनी अडवलं.

"रांगेत या."

"मला पुढे जायचंय."

"सगळ्यांनाच पुढे जायचंय."

"अहो, मी तिचा भाऊ आहे."

"इथे प्रत्येक जण कुणाचा तरी भाऊ आहे," टपाल कचेरीतला माणूस म्हणाला. "चिठ्ठी घेतली का?"

थोरल्याने रांगेवर नजर टाकली. पन्नासएक माणसं होती. आणि सगळ्यांत पुढे, टेबलाला पोट टेकवून, ज्यांनी आयुष्यात कुठल्याही गोष्टीसाठी रांग लावली नाही असे त्याचे वडील उभे होते. टेबलामागे धाकटी होती. ती कुणाला तरी काहीतरी सांगून हसवत होती आणि मधूनच दाराकडे बघत होती. तिला अजून तो दिसला नव्हता. ती काउंटरवर इतकी चांगली असते हे त्याने कधी पाहिलं नव्हतं. भट्टीचं तोंड दुसरीकडे होतं.

"आप्पा," त्याने हाक मारली.

आप्पा वळले. मुलाला पाहिलं, डबा पाहिला, आणि आज पहिल्यांदाच त्यांचा आवाज कर्ण्याशिवाय सभागृहभर घुमला. "सोडा त्याला. सॉसेज आलेत."

रांगेने टाळ्या वाजवल्या. कुणीतरी डबा हातात घेतला, पुढच्याला दिला, त्याने त्याच्या पुढच्याला, आणि पन्नास हातांवरून तो टेबलावर पोचला. थोरला मागून रिकाम्या हातांनी आला.

"चहाला थांबलास?" धाकटीने झाकण काढत विचारलं.

"नाही."

"मग चिमटा घे. दादा, तू तव्यावर. वहिनी, तू फक्त पाव चिर. मधोमध नको, वरून. आत्या, सॉस."

सॉसेज धुरावलेले होते, त्यांना फक्त चटका हवा होता. आयुष्यभर पाव भाजणाऱ्या थोरल्याने पहिले दोन करपवले. तिसऱ्यापासून त्याचा हात बसत गेला. शेवटचं मिनिट सुरू झालं तेव्हा तीन परीक्षकांचे तीन हॉट डॉग ताटांत होते आणि चौथा आप्पांच्या हातात. रांगेतला पहिला माणूस तेच होते.

आप्पांनी घास घेतला. घर बघत राहिलं. त्यांनी दुसरा घेतला, तिसरा घेतला, आणि बोटं रुमालाला पुसून म्हणाले, "पाव उत्तम."

"आणि आतलं?" आत्याने विचारलं.

"पाव इतका उत्तम होता की मला आतल्याची अडचण झाली नाही."

आप्पांकडून याहून मोठी पावती घराण्यात कुणालाही मिळाली नव्हती.

निकाल सांगायला अध्यक्ष उभे राहिले. त्यांनी सुरुवात माणसाने अग्नीचा शोध लावला तिथून केली, त्यामुळे हॉट डॉगपर्यंत यायला वेळ लागला. चवीचं खास बक्षीस, भिंतीवरचं एक घड्याळ, आठ नंबरला मिळालं. दंतवैद्य आनंदाने लाल झाला. त्याची बायको घड्याळाकडे बघून म्हणाली, आता दवाखान्यात लावू. खानावळवाल्या बाईंनी मग माइक मागून घेतला. त्यांनी अग्नीचा विषय काढला नाही.

"स्वयंपाक येणारे इथे बारा जण आहेत," त्या म्हणाल्या. "नऊ नंबरचा हॉट डॉग चवीला तिसरा. एका बाजूने थोडा करपलेला. पण माल आलेला नसताना दुकान उघडं ठेवणारी एकच पाहिली. दुकान तिला."

धाकटीने हात पुसले. मग पुन्हा पुसले. वहिनी तिला मिठी मारून रडली, आणि हे रडणं कुठल्या पक्षाचं आहे हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. आत्या रांगेत उरलेल्यांकडून चिठ्ठ्या परत गोळा करू लागली, तर कुणी देईना. आप्पा माइककडे निघाले होते, पण माइकवाल्याने वायर गुंडाळायला घेतली.

दुपारी सामान गाडीत चढत होतं. ओव्हन थोरल्याने एका बाजूने धरला, धाकटीने दुसऱ्या बाजूने. दुकानाची किल्ली तिच्या एप्रनच्या खिशात होती आणि चालताना वाजत होती.

"डबा मी पाहिला होता सकाळी," थोरला म्हणाला.

"माहीत आहे."

"तुझी वहिनी बोलली?"

"नाही. तू त्याच्याकडे बघत उभा होतास ना, तेव्हा मी तुझ्या मागे होते. हातात फडकी होती."

थोरल्याने ओव्हनची आपली बाजू वर घेतली. "मग बोलली का नाहीस?"

"वाटलं, दादा बोलेल."

ओव्हन गाडीत सरकला. दोघांनी मिळून त्याच्याभोवती गोणपाट खोचलं, जेवढं लागत होतं त्याहून बरंच जास्त.

"तू जायला नको होतीस," थोरला म्हणाला. "म्हणजे मला नको होतं. आता जा. चांगलं चालव." त्याने गाडीचं दार लावलं, उघडलं, परत लावलं. "माझं एक काम होतं."

"बोल की."

"ते काउंटरवरचं पाव कापायचं मशीन. ते कुठल्या बटणाने सुरू होतं, तेवढं एका कागदावर लिहून देशील का?"